एक हजार सहासष्ट टेपा आणि वर एक मीटर

दगड शेवटी दिगंबरने खडूने रेघ मारली होती तिथेच बसला. त्यावर १६०० असा आकडा कोरलेला होता, आणि गावाने त्या दिवशी जिलेबी खाल्ली.

हे तुम्ही वाचलेलं नाही असं समजा. सरकारदरबारी हे मान्य नाही. कागदांनुसार तो दगड दुसऱ्याच जागी हवा, आणि त्या दुसऱ्या जागी जाऊन पाहिलं तर शेण आहे. त्यामुळे मीही दगड अजून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवा पडला होता तिथपासून सांगतो.

सकाळचे नऊ वाजले होते. जांभळखिंडीच्या दूध डेअरीसमोर आम्ही पन्नासेक माणसं उभी होतो. ट्रॉलीत दोन घडीव दगड होते, एकावर शून्य, दुसऱ्यावर सोळाशे. तालुक्याहून बांधकाम खात्याच्या सोनटक्के मॅडम आल्या होत्या. नोकरीला लागून त्यांना चारच महिने झाले होते, त्यामुळे त्यांनी सगळे नियम वाचलेले होते. त्यांच्या हातात लांब दांड्याचं एक चाक होतं. ते रस्त्यावरून ढकलत नेलं की दांड्यावरच्या डबीत मीटर पडत जायचे.

"चाक कशाला मॅडम," सरपंच दिनकरअण्णा म्हणाले. "अंतर मोजल्यालं हाय. सहा वर्सं पोरं पळत्यात त्याच्यावर."

"कुणी मोजलंय?"

सगळ्यांनी केरबातात्यांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "माझ्या पोरानं."

मॅडमनी नजर खाली घेतली. "तरी नोंद करावी लागते, काका," असं म्हणून त्यांनी शून्याचा दगड डेअरीच्या पायरीशी उतरवून घेतला आणि चाक त्याला लावलं.

तो पोरगा म्हणजे शिपाई दिगंबर केरबा माळवदे, वय वर्षे तेवीस. एक वर्षापूर्वी तो उत्तरेच्या सीमेवर गेला आणि परत आला तो तिरंग्यात. दगड त्याच्याच नावाचे होते.

शिंप्याच्या घरात मुलाचं नाव दिगंबर ठेवायला धाडस लागतं. तो दत्तजयंतीला जन्मला म्हणून तात्यांनी ते दाखवलं, आणि त्या नावावरून जेवढे विनोद करता येतात तेवढे गावाने पुढे करून घेतले. उरलेले दिगंबरने स्वतः केले. 'माळवदे टेलर्स' ही पाराजवळची दहा बाय आठची खोली. तात्या मापं घ्यायचे, कापायचे, मशीन चालवायचे. दिगंबरची आई हौसाकाकू काजं-बटणं करायच्या. दिगंबरने काय करायचं यावर त्या घरात कधी एकमत झालं नाही. एकदा त्याला बाह्या जोडायला दिल्या, तर त्याने दिनकरअण्णांच्या सदऱ्याला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. अण्णा तो सदरा घालून एका लग्नाला गेले. त्यांनी उजव्या हाताने टाकलेल्या अक्षता मागच्या रांगेत पडल्या.

गणितात तो दोनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा काठावर सुटला. गावात कुणाचाही हिशेब चुकला की लोक म्हणायचे, दिग्याला विचारून केला काय रं. तात्यांसमोरही म्हणायचे. तात्या ऐकून घ्यायचे आणि मशीनचं पायडल जोरात मारायचे.

तात्यांच्या गळ्यात कायम एक टेप असायची. फार जुनी होती. कधीकाळी कोळशाची इस्त्री पडून ती साठाच्या आकड्यावर जळून तुटली होती आणि तात्यांनी ती मध्ये खाकी कापडाचा तुकडा लावून जोडली होती. होमगार्डच्या पँटमधलं उरलेलं कापड. दुसरी टेप घ्यायला काही हरकत नव्हती, पण हात बसलाय म्हणायचे. मोठ्या माणसाची कंबर किंवा छाती मोजताना तात्यांचे ओठ हलायचे. गाव समजायचं, तात्या नामस्मरण करतात. गावच्या सप्ताहात एका कीर्तनकाराने कामात देव न विसरणाऱ्या माणसाचा दाखला म्हणून तात्यांचं नावही घेतलं होतं. लहान मुलांची मापं घेताना मात्र तात्या देवाला त्रास देत नसत.

आता सोळाशेची गोष्ट. फौजेच्या भरतीत सोळाशे मीटर पळावं लागतं. आमच्या भागात सगळ्या गावची पोरं पहाटे रस्त्याने पळायची आणि सगळी अंदाजे पळायची. रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड कधीच कुणाकुणाच्या मोरीत धुणं धुवायला गेले होते. दिगंबर अठरा वर्षांचा होता, मी चौदा. एका सोमवारी तात्या बाजाराला गेले, टेप खुंटीला राहिली, आणि दिगंबर ती खिशात घालून माझ्या घरी आला.

"उम्या, चिंचोके हायत का घरात? हजार-बाराशे?"

दीड मीटरची एक टेप. सोळाशे भागिले दीड. हा भागाकार त्याने रात्रभर केला होता आणि सकाळी मास्तरांकडून तपासून आणला होता: एक हजार सहासष्ट टेपा आणि वर एक मीटर. डेअरीच्या पायरीपासून आम्ही सुरुवात केली. तो पुढचं टोक धरायचा, मी मागचं. प्रत्येक टेपेला तो शिंप्याच्या खडूने रेघ मारायचा आणि मी एक चिंचोका पिशवीत टाकायचो. सकाळी सातला बसलो ते संध्याकाळचं दूध डेअरीला येईपर्यंत आम्ही रांगत होतो. मध्ये चारशेव्या टेपेच्या आसपास एक म्हैस रेघेवर येऊन बसली. मी म्हणालो, अंदाजे धर की. तो म्हणाला, "अंदाजे धरायचं तर माझं गणित काय वाईट हुतं?" म्हैस उठेपर्यंत आम्ही पाऊण तास तिच्याकडे बघत बसलो.

शेवटची रेघ कॅनॉलच्या पुलाजवळ, पिंपरणीच्या झाडाखाली आली. त्याने चिंचोके दोनदा मोजले. मग झाडाच्या बुंध्यावर खडूने सोळाशे लिहिलं आणि गुडघ्यांकडे पाहिलं. दोन्ही पँटमधून बाहेर आले होते. शिंप्याच्या घरी त्याची किंमत मोजावी लागली, पण टेप कुठे गेली होती ते तात्यांना कळलं नाही. त्यांना फक्त एवढं कळलं की पोराने सोळाशे मीटर मोजले, आणि मास्तर म्हणाले भागाकार बरोबर आहे. ते त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "बरोबर हाय म्हणालं मास्तर." एकाच गिऱ्हाइकाला चार वेळा म्हणाले.

त्यानंतर जांभळखिंडीत एक चमत्कार सुरू झाला. त्याआधी सगळ्या गावातून तीन माणसं फौजेत होती. पुढच्या सहा वर्षांत एकोणीस झाली. आमची पोरं गावात सहा मिनिटांच्या आत कधी येत नसत, आणि भरतीच्या ग्राउंडवर साडेपाचात यायची. आम्ही याचं श्रेय ग्रामदेवीला दिलं, त्यामुळे तिच्या देवळाला फरशी बसली. आणखी एक गंमत होती. चार फेऱ्या पूर्ण झाल्या तरी आमची पोरं थांबत नसत. रेघ ओलांडून तशीच पुढे पळत राहायची आणि शिट्टीवाला हवालदार मागून ओरडायचा, "अरे भाई, हो गया, किधर जा रहा है." तिसऱ्या वर्षी तर त्याने आमचं गाव पाठ केलं होतं. मीही असाच पुढे पळालो होतो. मी पळण्यात पास झालो आणि उंचीत एक सेंटीमीटरने राहिलो. त्यामुळे ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर अर्ज टाईप करायला लागलो.

दिगंबर एकोणिसाव्या वर्षी भरती झाला. चार वर्षांनी त्याला घेऊन जे नायब सुभेदार आले ते दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी दुकानात, मशीनशेजारच्या बाकावर बसून, त्यांनी तात्या-काकूंना सगळं सांगितलं. हुकूम असा होता की काळ्या खडकापर्यंत जायचं आणि आडोसा घेऊन थांबायचं. दिगंबर खडकाशी थांबला नाही. पुढे दोन जवान जखमी होऊन पडले होते. एकाला घेऊन आला, परत गेला, दुसऱ्याला घेऊन आला. तिसऱ्यांदा वायरलेसचा सेट आणायला गेला तेव्हा तिथेच राहिला. खडकापासून किती पुढे, असं काकूंनी विचारलं होतं. सुभेदार म्हणाले, असेल दीडशे-पावणेदोनशे मीटर. "त्याला थांब म्हटलेलं ऐकू गेलं होतं, माई. पण तो थांबणाऱ्यातला नव्हता." दोन्ही जवान जगले.

पंचायतीने पुतळा ठरवला. त्याचा नमुना आला तेव्हा तो दिगंबरपेक्षा आमदारांसारखा जास्त दिसत होता. मग कमान ठरवली. तात्या ग्रामसभेत उभे राहिले. मी त्यांना सभेत बोलताना तोवर पाहिलं नव्हतं.

"कमान नगं, पुतळा नगं," ते म्हणाले. "त्यानं जिथनं मोजलं तिथं एक धोंडा लावा, आन् जिथवर मोजलं तिथं एक. समद्या गावानं त्याचं गणित काढलं. हे एक त्यानं बरोबर केलंय. तेवढं ऱ्हाऊ द्या."

म्हणून ते दोन दगड. म्हणून ते चाक.

शून्याच्या दगडाला काकूंनी हळदकुंकू लावलं आणि चाक निघालं. मागून गाव. मॅडमच्या एका बाजूला तात्या, गळ्यात टेप, जणू गरज पडली तर हजर. दिनकरअण्णा वाटेत मोठ्याने सांगत होते की सगळं कायद्याने होऊ द्या, कायद्याने दगड जिथे येईल तिथे तो बसेल, मग तिथे कुणाचं का शेत असेना. चाक शाळेवरून गेलं, चक्कीवरून गेलं, अण्णांच्या गोठ्याशी आलं आणि थांबलं.

"सोळाशे," मॅडम म्हणाल्या.

आम्ही पाहिलं. चाकाच्या अगदी शेजारी, रस्त्याकडेला, अण्णांचा उकिरडा होता. दगडाचा खड्डा बरोबर त्याच्या मध्यात येत होता. पिंपरणीचं झाड लांब पुढे, कॅनॉलपाशी दिसत होतं.

"चाक बिघडलंय," अण्णा म्हणाले.

मॅडमनी पिशवीतून पोलादी टेप काढली, उरलेलं अंतर उकिरड्यापासून पिंपरणीपर्यंत मोजलं आणि वहीत लिहून घेतलं. झाडाच्या बुंध्यावर खडूचा आकडा दर दसऱ्याला कुणीतरी गिरवायचं, त्यामुळे तो ठळक होता. त्या आकड्याखाली उभं राहून त्यांनी हळू आवाजात वाचलं, "एक हजार सातशे साठ मीटर, पाच सेंटीमीटर. एकशे साठ मीटर जास्त आहेत."

मागून कुणीतरी, वाईट हेतूने नव्हे, नुसतं सवयीने, म्हणालं, "दिग्याचंच गणित ते."

तात्यांना ऐकू गेलं. ते कॅनॉलच्या कठड्यावर जाऊन बसले. वर्षभरात, तिरंगा आला तेव्हाही, मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते ताठ होते. आता त्यांच्या अंगातला सदरा एकदम मोठा झाल्यासारखा दिसला.

मॅडम त्यांच्याजवळ गेल्या. म्हणाल्या, काका, मी सोळाशेचा दगड सतराशे साठवर लावू शकत नाही. तात्या म्हणाले, बरोबर हाय तुमचं. जिथं येतोय तिथं लावा. अण्णा मध्ये पडले, तिथं कसा लावणार, शहिदाचा दगड उकिरड्यात. मॅडम म्हणाल्या, उकिरडा हलवता येईल. अण्णांनी कायद्याचा विषय तिथून पुढे काढला नाही.

मग तात्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"उम्या, तू हुतास न्हवं त्याच्यासंगट. मोजायला टेप कुणाची आनली हुती?"

सहा वर्षं लपवलेली गोष्ट पन्नास माणसांसमोर सांगायची पाळी आली. "तुमचीच, तात्या. खुंटीवरची."

"ही?"

"हीच."

तात्यांनी गळ्यातली टेप काढली. साठाच्या आकड्यापाशी खाकी जोड होता. त्यांनी तो दोन बोटांत धरला, आणि मला वाटलं ते आता रडणार. तात्या हसले. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग एवढं मोठ्याने की ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं.

"आरं, ह्या जोडाचं पंधरा सेंटीमीटर आकड्यात येत न्हाईत," ते म्हणाले. "ते वर मिळवायचं. तुम्ही मिळवलं न्हाईसा."

"कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच न्हाई. मी मनात करतो." गावाने एकमेकांकडे पाहिलं. वीस वर्षांचं नामस्मरण एका वाक्यात गेलं.

तात्यांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. आता आम्हा सगळ्यांना कळत होतं की ते काय करतायत. एक हजार सहासष्ट गुणिले पंधरा. वरच्या एका मीटरच्या टेपेतही जोड येतो, त्याचे आणखी पंधरा. मॅडमही वहीत गुणाकार करत होत्या. दोघांचं एकदमच झालं.

"सोळा हजार पाच सेंटीमीटर," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजी एकशे साठ मीटर, पाच सेंटीमीटर," तात्या म्हणाले. ते उभे राहिले आणि मघाशी मागून बोललेल्या माणसाकडे वळले. "ऐकलंस? एक हजार सहासष्ट टेपा. एक चुकली न्हाई. टेप चुकीची हुती. पोरगं बरोबर हुतं."

मॅडमनी गुणाकार पुन्हा तपासला. त्यांचं शिक्षण मोजमापाचं होतं. "काका," त्या म्हणाल्या, "आमच्यात एवढ्या लांबीला एखादा मीटर इकडेतिकडे चालतो. इथे एक सेंटीमीटरही नाही."

"मधे म्हैस बसली हुती," मी म्हणालो. मला ते नोंदवावंसं वाटलं.

तेव्हा मला आमचे एकोणीस जण आठवले. गावात सहा मिनिटं, ग्राउंडवर साडेपाच. शिट्टीवाला हवालदार, हो गया म्हणणारा. मी ते तिथेच मोठ्याने सांगितलं. देवीचा पुजारीही गर्दीत होता. त्याने फरशीबद्दल कुणी काही बोलण्याआधी घरचा रस्ता धरला.

हौसाकाकू इतका वेळ पिंपरणीच्या मुळाशी हळदकुंकवाची ताटली घेऊन उभ्या होत्या. त्या मॅडमना म्हणाल्या, "बाई, किती म्हणालीस? जास्तीचं?"

"एकशे साठ मीटर, काकू."

काकूंनी मला विचारलं, "उमेश, सुभेदार काय म्हणालं हुतं रं? त्या काळ्या खडकापासनं?"

"दीडशे-पावणेदोनशे मीटर," मी म्हणालो. त्यांना ते पाठ होतं. तात्यांनी टेप हळूहळू बोटांभोवती गुंडाळायला घेतली.

काकूंनी ताटली बुंध्याशी ठेवली. "धोंडा हितंच बसंल," त्या म्हणाल्या. "त्याला थांबायला तिथं सांगितलं हुतं, आन् त्यो हितवर आला. आता मागं न्हेऊ नगा त्याला."

मॅडमनी पोलादी टेप पिशवीत टाकली. मग त्यांनी विचारलं, "काका, तुमची टेप मिळेल का?"

त्या दिवशी जांभळखिंडीने तो रस्ता पुन्हा मोजला. खाकी जोडाच्या टेपेने, डेअरीच्या पायरीपासून, रांगत. दिगंबरच्या टोकाला तात्या होते, माझ्या टोकाला मी. तात्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जोडाचे पंधरा मिळवले नाहीत. चिंचोके मॅडमनी स्वतः टाकले. भरती झालेल्या पोरांचे आईबाप रांगेने पुढे चालत रस्त्यावरचे खडे झाडत होते, आणि दिनकरअण्णा प्रत्येक म्हशीला जातीने हाकलत होते. संध्याकाळी चारला शेवटचा एक मीटर पिंपरणीखाली, दिगंबरच्या रेघेवर येऊन टेकला. मॅडमनी वहीत लिहिलं: स्थानिक टेपेने मोजले, सोळाशे मीटर, बरोबर आढळले. खाली सही केली.

तात्यांनी ते वाक्य मला वाचून दाखवायला लावलं. मग पुन्हा वाचायला लावलं. "बरोबर आढळले," ते काकूंना म्हणाले, जणू त्या ऐकत नव्हत्या.

दगडाच्या उद्घाटनाला ते दोन जवान आले. एक कुबडी घेऊन होता. तरी म्हणाला, मी पूर्ण अंतर चालणार. उकिरडा तोवर हलवला होता, आणि तिथे, खऱ्या सोळाशेवर, त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती. तो खुर्चीजवळ आला, तिच्याकडे न बघता पुढे गेला आणि पिंपरणीपर्यंत चालत राहिला. खुर्चीवर सरपंच बसले. पुढच्या महिन्यात भरती झाली. आमची पाच पोरं पास झाली आणि पाचही जण रेघ ओलांडून पुढे पळाली. हवालदार नवीन होता, त्याला सगळं पहिल्यापासून ओरडावं लागलं.

याला आता अकरा वर्षं झाली. आकडा एकोणीसवरून त्रेचाळीसवर गेला. उकिरडा पुन्हा जागेवर आला. तात्यांची टेप काचेच्या पेटीत पंचायतीत आहे. तात्या नव्या टेपेने मापं घेतात, पण सवयीने पंधरा मिळवतात, त्यामुळे गावाचे कपडे सध्या ढगळ आहेत. आणि दरवर्षी मार्चमध्ये वरून एक पत्र येतं, की सदर दगड प्रत्यक्ष अंतराशी जुळत नसून तो एकशे साठ मीटर मागे घ्यावा व अनुपालन कळवावे. दरवर्षी मी उत्तर टाईप करतो. तात्या शेजारी बसून ऐकतात, काकू एखादा शब्द बदलायला लावतात, आणि दिनकरअण्णा शिक्का मारतात. यंदाचं उत्तर असं गेलं आहे:

प्रति, मा. नियंत्रक, वजने व मापे. विषय: मौजे जांभळखिंड येथील मीटरच्या लांबीबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, शहीद शिपाई दिगंबर केरबा माळवदे यांनी केलेले मोजमाप दोन वेळा तपासले असता दोन्ही वेळा बरोबर आढळले आहे. सबब दगड मागे घेणे शक्य नाही. तरी डेअरी ते पिंपरणी या रस्त्यापुरता एक मीटर हा एकशे दहा सेंटीमीटरचा धरण्यात यावा. आणि तसे करणे नियमात बसत नसल्यास, उर्वरित देशाचा मीटर वाढवून आमच्या मीटरइतका करण्यात यावा, ही नम्र विनंती.